खात्यातली माहिती कोणाची?

संचालक असो की शिपाई, राष्ट्रीयीकृत बँकेत कामावर रुजू होण्याआधी प्रत्येकाला निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. स्टेट बँकेसाठी १९५५ च्या कायद्यात कलम ४४ आहे. खातेदारांना हे सहसा ठाऊक नसतं. आपली शिल्लक इतरांना न सांगणं हे काउंटरपलीकडच्या माणसावरचं कायदेशीर बंधन आहे, त्याचा आग्रह धरताना संकोच वाटायचं कारण नाही.

*

या बंधनाची चौकट ठरली ती इंग्लंडातल्या एका खटल्यात. टूर्निए नावाच्या खातेदाराचा सुमारे नऊ पौंडांचा ओव्हरड्राफ्ट थकला होता. त्याचा पत्ता हवा म्हणून शाखा व्यवस्थापकाने तो काम करत होता तिथे फोन लावला आणि बोलता बोलता थकबाकी सांगितली, शिवाय गडी जुगारात पैसे लावत असावा हा संशयही सांगितला. टूर्निएची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील कोर्टाने त्याची बाजू उचलून धरली. हा निकाल १९२४ चा म्हणून ओळखला जातो. खातेदाराची माहिती चारच कारणांनी उघड करता येते: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हितरक्षण आणि खातेदाराची संमती. आपल्याकडेही हीच चार कारणं मानली जातात. न्यायमूर्ती अ‍ॅटकिन यांचं त्यातलं एक मत मला फार मोलाचं वाटतं: खातं बंद झाल्यावरही हे बंधन संपत नाही.

*

२००४. जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक. आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून, जिल्हाधिकारी नेमेल त्या कोणालाही बँकेतले कागद तपासायची आणि जप्त करायची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अमेरिकेत १९७६ च्या मिलर खटल्यात उलटं ठरलं होतं: कागद बँकेच्या हाती गेले की त्यांवरचा खाजगीपणाचा दावा सुटला. आपल्या न्यायालयाने ते मानलं नाही. खाजगीपणा माणसाचा असतो, जागेचा नव्हे. कागद बँकेच्या कपाटात गेले तरी तो माणसाकडेच राहतो. नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं ते २०१७ मध्ये. त्याआधी तेरा वर्षं, बँकेतल्या कागदांवरून झालेल्या वादात, ही गोष्ट सांगून झाली होती.

*

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पुष्कळ घरांत फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि खात्याला नंबरही त्याचाच लावलेला. पैसे आल्याचा एसएमएस तिच्याआधी त्याला येतो. काढल्याचाही. बँकेच्या दप्तरी सगळं चोख असतं: नंबर खातेदाराने दिला, अर्जावर अंगठा तिचा. पण तिचं खातं तिच्यापुरतं राहिलेलं नसतं.

मग तो काउंटरवर येतो. ‘मॅडम, हिच्या खात्यावर किती आहेत बघा जरा.’ गावातली शाखा, सगळे ओळखीचे, आकडा सांगून टाकणं सोपं. ‘दादा, वहिनींनाच पाठवा पासबुक घेऊन,’ असं शांतपणे सांगणारी क्लार्क त्या क्षणी बँकेच्या सगळ्या संगणकी बंदोबस्ताइतकंच मोठं काम करत असते. त्या साठवलेल्या पैशांवर लेकीची फी अवलंबून असते, माहेरची खेप असते, आणि कधी घर सोडायची वेळ आलीच तर एसटीचं तिकीटही. गोपनीयता ही श्रीमंतांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी या बाईचा विचार करावा. खातं उघडतानाच तिला एकटीला विचारलं पाहिजे: नंबर कोणाचा लावू? तो फोन असतो कोणाकडे?

*

बँक मित्राच्या मशीनवर अंगठा ठेवला की शिल्लक समजते. ती मोठ्याने वाचायची गरज नाही. मागे रांग असते.

*

केवायसीसाठी घेतलेली माहिती गोपनीय ठेवायची आणि खातेदाराच्या स्पष्ट परवानगीशिवाय दुसरं काही विकण्यासाठी वापरायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुदत ठेव संपायच्या आठवड्यात विम्याचा फोन आला, तर हा नंबर आणि ही तारीख कोणी दिली, हे विचारावं. लेखी विचारावं. बारीक अक्षरांतल्या संमतीच्या चौकटीत खूण आधीच केलेली असते आणि ‘इथे, इथे आणि इथे सही करा’ एवढंच सांगितलं जातं. याला मी परवानगी मानत नाही.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहावं. चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

*

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधले संपर्क, कॉलची यादी, फोटो यांत शिरायला रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मनाई केली. तोवर थकबाकीदाराच्या मामा-मावशीपर्यंत, ऑफिसातल्या साहेबापर्यंत धमक्या पोचत होत्या. टूर्निएच्या व्यवस्थापकाने निदान एकच फोन केला होता.

*

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डं, व्यवहारांना परस्पर होकार देणारं खोटं स्विच, आणि परदेशांतल्या एटीएमपासून कोल्हापुरातल्या एटीएमपर्यंत पैसे काढणारी माणसं. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्डावरचा तपशील किती जपावा लागतो हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन असतं. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही. शाखेतल्या कपाटांवर रचलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यांनाही हाच नियम लावायला हवा.

*

खातं बंद झाल्यावर ओळखीची कागदपत्रं पाच वर्षं जपून ठेवणं बँकेला बंधनकारक आहे. मनी लाँडरिंगविरोधी कायदा तसं सांगतो. त्यानंतर काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं म्हणणं असं, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलं नसेल, तर ती पुसून टाकावी. खातं बंद करायच्या अर्जात चेकबुक आणि कार्ड परत केल्याची नोंद करायला जागा असते. फोटो, सहीचा नमुना आणि आधारची प्रत कोणत्या तारखेला नष्ट होईल, हे लिहिणारा रकाना माझ्या पाहण्यात नाही. तो छापायला हवा.