मला बाई पाच तास पुरतात!

मैत्रिणींनो, चार बायका जमल्या की एका गोष्टीची चढाओढ हमखास लागते, कोण सर्वांत कमी झोपतं त्याची. ‘मला बाई पाच तास पुरतात’ असं एकीनं म्हणावं, की दुसरी लगेच चारावर येते. आमच्या पोलादपुरात गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका! मुंबईची माणसं रात्रीच्या एस. टी.नं निघतात, पहाटे हायवेवर उतरतात आणि दार उघडून चहा टाकायला जागं कोण असतं? तुम्हीआम्हीच.

पण ती चार रात्रींची गोष्ट. सणाच्या जागरणानं कुणाचं काही बिघडत नाही. मी म्हणते ते बारमाही जागरण. आमचे हे महाडच्या एमआयडीसीत पाळीच्या नोकरीत आहेत. दुसरी पाळी असली की घरी यायला पावणेबारा होतात. जेवण गरम करून वाढायचं, मागचं आवरायचं, की साडेबारा. मुलीला कॉलेजसाठी सकाळी सव्वासहाची गाडी, म्हणजे साडेचारला उठणं आलंच. झाले चार तास! २०१९ साली सरकारनं लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी कामात गेली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. ही मिनिटं कुठून काढली जातात ते तुम्हाला मी काय सांगू?

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, ‘अगं, सवय होते.’ या वाक्यावर माझाही बरीच वर्षं विश्वास होता, आणि खरी ग्यानबाची मेख तिथंच आहे. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धडधाकट माणसांना त्यांनी दोन आठवडे ठरावीकच तास झोपू दिलं, कुणाला चार, कुणाला सहा, कुणाला आठ. सहा तासवाल्यांचं लक्ष रोज थोडंथोडं ढळत गेलं आणि शेवटी ते एकदोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकं ढळलं. त्यांना विचारलं तर म्हणे, ‘तशी फारशी झोप येत नाही हो!’ सवय झाली होती ती फक्त जाणवेनासं होण्याची.

हे झालं दोन आठवड्यांचं. वर्षानुवर्षांचं काय? २०२१ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ आठ हजार सरकारी नोकरांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका तीस टक्क्यांनी जास्त आढळला. कमी झोपेमुळेच तो होतो असं एवढ्यावरून ठाम म्हणता येत नाही. जाऊबाईंचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा डॉक्टरांनीही झोपेवर सगळं खापर फोडलं नाही. मीठ, वजन, वय सगळंच विचारलं. पण रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार या तिघांशीही अपुऱ्या झोपेचं नातं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संस्थांनी २०१५ मध्ये मोठ्या माणसांना किमान सात तास सांगितले ते म्हणूनच. आणि चरकांनी तर आहाराच्या जोडीनं निद्रेला शरीराचा खांब कधीच म्हटलं आहे. आपण मात्र उपासाला काय चालतं यावर तासभर वाद घालू, झोपेवर नाही.

कुणाला खरोखरच कमी झोप पुरते का? पुरते, पण अगदी क्वचित. २००९ मध्ये एका मायलेकींमध्ये तसा जनुकातला बदल सापडला. सहा तासांच्या आसपास झोपूनही त्या ताज्यातवान्या असत. आपण त्यांतल्या आहोत का हे बघायला प्रयोगशाळा नको. माहेरी गेल्यावर पहिल्या दोन रात्री तुम्ही किती झोपता ते आठवा. आई हाका मारून दमत असेल, तर पाच तास तुम्हाला पुरत नाहीत!

वेळ असूनही झोप लागत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला महाडकडचं तळिये आणि आमच्या तालुक्यातलं केवनाळे, साखर सुतारवाडी इथं दरडी कोसळल्या, तेव्हापासून पावसाची झड लागली की इकडे कितीतरी बायका रात्रभर छपराचा आवाज ऐकत पडतात. अशी झोप उडणं आठवड्यांमागून आठवडे चाललं, किंवा मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर डॉक्टरांना सांगावं. शेजारणीच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.

झोपायलाच न मिळणाऱ्या माझ्यासारखीला मात्र डॉक्टर काय देणार? घरातच बोलावं लागलं. आता ह्यांच्याकडे दाराची दुसरी किल्ली असते. ताट झाकून ठेवलेलं असतं. आमटी गरम करणं, ताट विसळणं त्यांचं ते करतात. भाजी रात्रीच चिरून ठेवते, कणीक मुलगी मळते. मी साडेनवाला आडवी होते. सासूबाईंना प्रथम रुचलं नाही. ‘नवरा कामावरून येतोय नि बायको घोरत पडलीय!’ असं शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून झालं. चार दिवसांनी म्हणाल्या, ‘रात्री भांड्यांचा आवाज नसतो हल्ली, मलाही बरी झोप लागते.’ ह्यांनी आमटी दोनदा करपवली, ती पातेली घासायला अजून माझ्याकडेच येतात.