पांढऱ्या दगडाचा मोह

साहित्य शिकवताना 'अभिजात' या शब्दाचा अर्थ सांगण्यापुरतेच आम्ही चित्र-शिल्पांकडे वळत आलो. त्या निमित्ताने जाक-लुई दाविद याचे १७८४ सालचे 'होरातींची शपथ' हे चित्र वर्गात हटकून दाखवत असू; तेही एका जुन्या पुस्तकातील कृष्णधवल छपाईत. रांगेत उभे तिघे भाऊ, पुढे केलेले ताठ हात, मागे कमानींचा अंधार. जणू भिंतीवरचे उठावाचे शिल्पच. १७५५ मध्ये विंकेलमानने ग्रीकांच्या अनुकरणाचा आग्रह धरला, दाविदने रोममध्ये प्राचीन मूर्तींची रेखाटने केली आणि चित्राने शिल्पापासून संयम घेतला, हे आमचे ठरलेले विवेचन.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ''पण सर, त्या मूर्ती मुळात पांढऱ्याच होत्या का?'' आम्ही वेळ मारून नेली. मागाहून वाचू लागलो आणि खजील झालो. ग्रीकांनी आपल्या मूर्ती रंगवलेल्या होत्या. शतकांच्या ओघात रंग झडून गेला होता. कात्रमेर द कँसीने १८१५ सालीच रंगीत ग्रीक शिल्पांवर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ज्या संयमाचे नव-अभिजातवाद्यांनी अनुकरण केले, त्यातला काही भाग निव्वळ झीज होती!

शिल्पकारांनाही तो पांढरेपणा पुरला नसावा. कानोव्हा संगमरवराला त्वचेचा मऊपणा आणण्यासाठी झटला. त्याच्या हीबीच्या हाती सोनेरी मुलाम्याची धातूची पात्रे आहेत. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉन गिब्सनने तर व्हीनसची मूर्तीच रंगवली. १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात ती मांडली गेली, तेव्हा मोठा वाद माजला. चित्र शिल्पाकडे झुकत होते आणि शिल्प चोरपावलांनी चित्राकडे परतत होते.

अलीकडे दाविदचे ते चित्र आम्ही रंगांत नीट पाहिले. मधोमध, तलवारी उंचावणाऱ्या बापाच्या अंगावर तांबडा झगा आहे. सारी शपथ त्या तांबड्यापाशी येऊन थांबते. इतकी वर्षे संयम शिकवताना नेमके तेवढेच आमच्या नजरेतून सुटले होते.

विद्यार्थ्यांच्या निबंधांतील विशेषणांवर 'अभिजात नाही' म्हणून काट मारताना आमचा हात आता जरा थबकतो. आपण छाटतो आहोत ते पाल्हाळ, की मुळातला रंग?