बिनव्रताची

नागपुरात आमच्या कॉलनीजवळच्या स्थानकात चातुर्मासात जैन साध्वींचा मुक्काम असतो. सकाळी त्या गोचरीला निघतात, अनवाणी, पांढऱ्या वस्त्रांत. जैन असोत-नसोत, बायका दारात येऊन हात जोडतात. त्याच बायका संध्याकाळी मला लिफ्टमध्ये गाठतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "अजून कुठे काही बघतेस की नाही?" मी सत्तेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. लग्न त्या साध्वींनीही केलेलं नाही आणि मीही नाही. त्यांना नमस्कार मिळतो, माझ्या वाट्याला कीव येते.

मी कुठलं व्रत घेतलेलं नाही. आधी जमलं नाही, मग नको वाटलं, मग आईच्या आजारपणात विषयच मागे पडला. पण ब्रह्मचर्य या गोष्टीबद्दल मनात कुतूहल होतं आणि थोडा रागही. बोहल्यावरून 'सावधान' ऐकून निसटलेल्या रामदासांची गोष्ट शाळेत किती कौतुकाने सांगितली होती! अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीचं पुढे काय झालं, हे वर्गात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. उलट विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, तर त्यांच्या पोरांनासुद्धा समाजाने वाळीत टाकलं. घर सोडून जाणाऱ्याचा गौरव आणि परत येणाऱ्याला शिक्षा, असा हा हिशेब. त्यात बाईचा कौल कुठे घेतलेलाच नाही.

म्हणून पवनारला जायचं ठरवलं. वर्ध्याच्या अलीकडे, धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. नदी ओलांडून वर टेकाडावर, म्हणून नाव परमधाम. लहानपणी सहलीत पाहिला होता. आता रजा काढून राहायला गेले. विनोबा 1938 साली इथे आले, पण मला ओढ होती ती त्यांनी 1959 साली सुरू केलेल्या ब्रह्मविद्या मंदिराची. स्त्रियांनी एकत्र राहून, ब्रह्मचर्याने आणि अंगमेहनतीने साधना करायची, आणि कारभारही त्यांनीच बघायचा, असा तो प्रयोग. विनोबा आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ, बाळकोबा आणि शिवाजी, तिघेही अविवाहित राहिले. त्यांच्या आईबद्दलची आठवण विनोबाच सांगत: मुलाचे वैराग्याचे प्रयोग पाहून ती म्हणाली होती की आपण पुरुष असतो तर खरं वैराग्य काय ते दाखवलं असतं. त्या माउलीच्या त्या वाक्याचं उत्तर द्यायला मुलाला चाळीसहून जास्त वर्षं लागली, असं मला पवनारला पोचल्यावर वाटलं.

मी डोळे मिटून बसलेल्या बायकांची कल्पना करून गेले होते. प्रत्यक्षात पहाटेच्या अंधारात ईशावास्याचं पठण झालं की जी ती झाडू, विळी नाहीतर खुरपं घेऊन कामाला लागते. शेत, गाई, स्वयंपाक, सफाई, हिशेब, मासिकाचं काम. मध्ये विष्णुसहस्रनामाला सगळ्या एकत्र येतात, पुन्हा पांगतात. बहिणी निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, त्यामुळे बोलणं बरंचसं हिंदीत. मला भाजी निवडायला बसवलं. तिथे कोणीही मला नवऱ्याबद्दल विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी प्रश्नाची वाट बघत होते, उत्तरही तयार होतं. दुसऱ्या दिवशी ते उत्तर विसरले.

शेवटी मीच विचारलं. भाजीच्या टोपलीपलीकडे एक वयस्क ताई बसल्या होत्या. विशीत घर सोडून आलेल्या. घरच्यांनी बराच विरोध केला होता म्हणे. मी म्हटलं, "ताई, राग मानू नका. कधी ओढ वाटली नाही? संसाराची, मुलाबाळांची?"

त्यांनी मेथीची जुडी सोडवली. "वाटली ना. न वाटायला काय झालं? पण तेव्हा हाताला काम होतं आणि शेजारी माणूस होतं. एकटी असते तर निभलं नसतं."

मला वासना, इंद्रियनिग्रह, तेज असलं काहीतरी ऐकायची अपेक्षा होती. ब्रह्मचर्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक पुरुषांनी लिहिलेलं, आणि त्यात स्त्री म्हणजे टाळायची गोष्ट. गांधीजींनी 1906 साली दक्षिण आफ्रिकेत व्रत घेतलं. त्याचीही चर्चा त्यांच्या मनातल्या झगड्याची होते, कस्तुरबांच्या संसाराची फारशी होत नाही. या ताई मात्र मनाच्या झगड्यावर दोन वाक्यांत बोलून घराच्या व्यवस्थेकडे वळल्या.

ती व्यवस्था मी नीट पाहिली. इथे कोणी मठाधिपती नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. बहुमत चालत नाही. एकीलाही पटलं नाही तर विषय थांबतो, पुन्हा बोलायचं, पुन्हा थांबायचं. बँकेत सह्यांचा क्रम पाळण्यात जन्म गेलेल्या मला हा कारभार चालतो कसा, हेच कळेना. "वेळ लागतो," एक बहीण हसून म्हणाली, "पण मग कोणी रुसून बसत नाही." दुपारी एका आजारी बहिणीची खोली झाडायला मी मदतीला गेले. तिला कोण जेवू घालणार, रात्री कोण जवळ झोपणार, हे ठरलेलं होतं आणि त्याबद्दल कोणाच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव नव्हता.

'म्हातारपणी तुझं कोण करणार?' हा प्रश्न मला गेली वीस वर्षं लोक विचारताहेत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो मीही स्वतःला विचारला होता. त्या खोलीत पहिल्यांदा मला त्याचं धडधडीत उत्तर दिसलं. ते मुलांत नव्हतं, नवऱ्यात नव्हतं, व्रतातसुद्धा नव्हतं. आधीपासून ठरवून बांधलेल्या सोबतीत होतं. माझ्या ओळखीत नवरा-मुलं असूनही एकट्या पडलेल्या बायका आहेत. लग्न हा सोबतीचा एक बंदोबस्त आहे, आश्रम हा दुसरा. आपल्या समाजाने बाईला एवढेच दोन दिले आणि दोन्हींच्या बाहेर उभी राहिलेली बाई त्याला चुकलेली वाटते.

पवनारचं चित्र गोंडस करून सांगायचं नाही. बहिणी थकत चालल्या आहेत, नव्या मुली फारशा येत नाहीत. शेतात खणताना सापडलेल्या भरत-रामभेटीच्या शिल्पापुढे उभी असताना वाटलं, राज्य सांभाळूनही तपस्व्यासारखा राहिलेला भरत आपल्याला पूज्य वाटतो, पण नोकरी सांभाळून तसं राहायला आज कोण येणार? मी स्वतःही येणार नव्हते. माझी श्रद्धा तेवढी नाही, आणि पहाटेचा चहा मला सुटणार नाही.

परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "काय ग, आता तिकडेच जाऊन राहणार का?"

"नाही काकू. आम्ही तिघी मैत्रिणी शेजारशेजारचे फ्लॅट बघतोय. एक विधवा, एक घटस्फोटित आणि मी. स्वयंपाकघर एकच ठेवायचं म्हणतोय."

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला सांग हो कसं जमतं ते." काका गेल्यापासून त्याही एकट्याच आहेत.

एका बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला "घरातले पुरुष कधी येतील बोलायला?" असं विचारलं गेलं, तिथून आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी बोलणी चालू आहेत. कर्जाचा हिशेब मी मांडून ठेवलाय. आजारपणात कोणी रजा काढायची, कोणाच्या नावावर काय, एखादीला पुढे लग्न करावंसं वाटलं तर काय, हे सगळं कागदावर उतरवायला घेतलंय. तिघींनी एकमताशिवाय काही ठरवायचं नाही, ही अट मी पवनारहून आणली. महिना उलटला, अजून कोणता मजला यावरच एकमत झालेलं नाही. पण रुसून अजून कोणी बसलेलं नाही.