लातूरची बाटली

आमच्या नेपियर टाउनमधल्या घराच्या कोठीत, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर, एक परदेशी बाटली बारा वर्षे आडवी पडून होती. तूलूझला नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याने ती २०१२ च्या हिवाळ्यात आणली. तिच्यावरचे ‘ले फोर द लातूर’ हे नाव त्याने वाचून दाखविताच मंडळींनी विचारले, “अरे, लातूरला कधीपासून अशी द्राक्षं व्हायला लागली?”

त्या दिवशी पुतण्याने जे सांगितले त्यात आमचे मन इतके गुंतले, की पुढे त्या मळ्याविषयी मिळेल ते आम्ही वाचीत गेलो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या उत्तरेस, झिरोंद नदीच्या रुंद पात्राकाठी पोइयाक गाव आहे. तेथला शातो लातूर हा मळा. ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. मूळचा बुरूज केव्हाच नाहीसा झाला, आणि आज चित्रांत मिरवतो तो घुमटाचा मनोरा म्हणजे सतराव्या शतकातला कबुतरखाना! १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बोर्दोच्या मद्यांची किमतीवरून प्रतवारी लाविली, तीत लातूर पहिल्या श्रेणीत आले ते अद्याप तेथेच आहे. जमीन म्हणाल तर गोट्यांची. आमच्या नर्मदेच्या पात्राची आठवण व्हावी अशी. आपला शेतकरी तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही. परंतु तीत पाणी साचत नाही म्हणून वेलीला मुळे खोल धाडावी लागतात, आणि दिवसाची ऊब ते गोटे रात्री परत देतात. त्या भागात म्हणतात, उत्तम मळ्यातून नदी दिसली पाहिजे. नर्मदेकाठच्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

तेथल्या काबेर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षाची साल जाड. तिच्यातला तुरटपणा कोवळ्या मद्यात तोंड आवळून टाकतो. ओकच्या पिंपांत दीडएक वर्ष आणि मग थंड काळोखात वर्षानुवर्षे बाटलीत राहिल्यावर तो हळूहळू निवतो, काही गाळ होऊन तळाशी बसतो. यास आम्ही तरी ‘मुरणे’ हाच शब्द देऊ. पूर्वी हे मद्य पिंपात असतानाच व्यापाऱ्यांस विकले जाई. २०१२ साली मळ्याने ती चाल सोडली. पिण्याजोगे झाले असे वाटेल तेव्हाच विकावयाचे ठरविले. म्हणजे वाट पाहण्याचे काम मालकाने स्वतःकडे घेतले. आमची बाटली त्यापूर्वीच्या सुगीची, आणि मळ्याच्या दुसऱ्या प्रतीच्या मद्याची. तिची वाट पाहणे आमच्याकडे आले.

“तेरा अंशांच्या आसपास, काळोखात, अजून दहा वर्षं,” असे बजावून पुतण्या गेला. जबलपुरात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो! फ्रिजमध्ये ठेवावी तर तेथे नैवेद्याचे दूध. मंडळींनी साफ नकार दिला. शेवटी बाटली कोठीत, तिच्या लिंबाच्या लोणच्याशेजारी गेली. त्या लोणच्याला मात्र उन्हाचेच वेड. दर उन्हाळ्यात बरणी गच्चीवर जाई, आणि फोडी अधिकच काळ्या, मऊ होत. “माझं मुरतंय, तुमचं शिजतंय,” असे ती म्हणे.

२०१९ साली ती गेली. बरणी आम्ही उघडली नाही, बाटलीही नाही. बरणीला ऊन दाखवायचे मात्र एकाही उन्हाळ्यात चुकविले नाही.

२०२४ च्या दिवाळीत पुतण्या आला. बुचाभोवती सुकलेला चिकट ओघळ पाहून तो काही बोलला नाही. मद्याचा रंग विटकरी झाला होता, वास शिजविलेल्या मनुकांचा. त्याने एक घोट घेऊन पेला खाली ठेविला. आम्हीही घेतला. मळ्याचा त्यात काही दोष नव्हता. बारा उन्हाळे आमचे होते.

बराच वेळ दोघे तसेच बसलो.

“काका,” तो म्हणाला, “काकूचं लोणचं आहे का अजून?”

आम्ही बरणीचा दादरा सोडला. फोड बोटाने दाबली तशी विरली. त्याने दोन घेतल्या, आणि पोळी संपायच्या आत तिसरी मागितली.