मध्यावरचा कांटा

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें खेळाविषयीं लिहावें, आणि तेंहि संगणकावरच्या खेळाविषयीं, हें कित्येक वाचकांना थिल्लरपणाचें वाटेल. त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. परंतु बुद्धिबळांतल्या उंटानें तिरपेंच कां जावें याचा विचार करीत ज्या पिढीनें दुपारच्या दुपारी घालविल्या, तिनेंच पुढच्या पिढीच्या खेळाला काळाचा अपव्यय म्हणावें, यांतला न्याय मला अजून उमगलेला नाहीं. खेळ हा कोणत्या तरी जगाचा लहानसा नकाशा असतो. नकाशा काढणाराला काय महत्त्वाचें वाटलें तें त्यांत ठळक दिसतें, काय क्षुल्लक वाटलें तें गळालेलें असतें. आणि त्याच्याशेजारीं आपला गांव ठेवून पाहिला, म्हणजे कधीं कधीं गांवच अधिक स्पष्ट दिसूं लागतो.

असा एक नकाशा माझ्या पुतण्यानें माझ्यापुढें ठेवला. 'आर्केनम' हें त्या खेळाचें नांव. अमेरिकेंतल्या ट्रॉयका नांवाच्या एका छोट्या मंडळीनें तो तयार केला व तो २००१ सालीं बाहेर पडला. म्हणजे संगणकाच्या हिशेबानें तो आतां वस्तुसंग्रहालयांतच शोभावा. त्यांतलें जग मोठें चमत्कारिक आहे. तेथें जादूगार आहेत, बुटके आहेत, वनांत राहणारे दीर्घायुषी लोक आहेत. आणि त्यांच्या मधोमध वाफेचीं यंत्रें, आगगाड्या व बंदुका येऊन ठेपल्या आहेत. आकाशांतून जाणारी एक वायुनौका कोसळते, तींतून आपण वांचतों, आणि येथून कथा सुरू होते. खेळणाराला प्रगतीबरोबर थोडेथोडे गुण मिळत जातात. ते खर्च कोठें करावयाचे हा सगळा प्रश्न. एका बाजूस मंत्रविद्येच्या सोळा शाखा, प्रत्येकींत पांच मंत्र, एकूण ऐंशीं. दुसऱ्या बाजूस यंत्रविद्येच्या आठ शाखा, त्यांत रसायन, वीज, लोहारकाम, औषधी वनस्पति असे विषय, आणि प्रत्येक शाखेच्या सात पायऱ्या.

एवढ्यावर भागतें तर नवल नव्हतें. परंतु त्या खेळांत एक कांटा आहे. गुण मंत्रविद्येवर खर्चले कीं तो एका बाजूस सरकतो, यंत्रविद्येवर खर्चले कीं दुसऱ्या. कारण त्या जगाचा सिद्धान्त असा कीं, मंत्र निसर्गाचे नियम वाकवितो आणि यंत्र त्याच नियमांच्या आधारावर चालतें. तेव्हां दोघांचा एका घरांत संसार व्हावा कसा? थोर मांत्रिकाच्या हातांत बंदूक दिली तर ती दगा देते. उलट पक्षीं, कांटा यंत्राकडे पुरा झुकलेल्या माणसावर मंत्राचा प्रभाव पडत नाहीं. शत्रूचा शाप त्याला सहज बाधत नाहीं, पण मित्राचा जखम भरून काढणारा मंत्रहि त्याच्यापाशीं लुळा पडतो.

"मग शहाणा माणूस थोडें हें, थोडें तें घेईल," मी म्हणालों.

"नाहीं काका," पुतण्या म्हणाला, "मधला माणूस दोन्हीकडून मार खातो. त्याचे मंत्रहि कच्चे आणि यंत्रंहि कच्चीं. एक काय तें ठरवायचं आणि तिकडेच जायचं."

त्याचें म्हणणें माझ्या मनांत राहून गेलें, कारण आम्ही राहतों त्या कुंडलांत मला तर सगळीं माणसें मधलींच दिसतात.

कुंडल म्हटलें कीं बाहेरच्यांना १९४३ ते १९४६ या काळांतलें क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार आठवतें, आणि तें रास्तच आहे. परंतु मंत्र आणि यंत्र यांचा सामना पाहूं इच्छिणारानें त्याच्याहि मागें जावें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांव सोडून येथें आले. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कर्जाऊ रक्कम दिली आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचें रान आणि नागांचें माहेर! आज त्या स्टेशनाला व त्या वसाहतीला किर्लोस्करवाडी म्हणतात, ही गोष्ट येथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पोरांना ठाऊक नसते ती आधींची हकीकत. लक्ष्मणरावांनीं बेळगांवींच लोखंडी नांगर तयार केला होता. पण लोखंडानें जमिनीला विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि त्या समजुतीपायीं पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात.

खेळांतला यंत्रज्ञ पाहून मला त्या दोन वर्षांची आठवण होते. त्याची सुरुवात अशीच हलाखीची असते. मांत्रिकाला पहिल्याच दिवशीं एक घातक मंत्र येतो, आणि त्याच्या अंगीं थकवा सोसण्याची ताकद असली म्हणजे झालें. त्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते. यंत्रज्ञ बापडा उकिरडे उपसतो, मोडके पत्रे व तारा गोळा करतो, कोठें आराखडा मिळेल म्हणून दुकानें धुंडाळतो. साधें जखमेवरचें मलम करावयाचें तर दोन निरनिराळ्या वनस्पति हाताशीं असाव्या लागतात. एक नसली कीं दुसरी फुकट. पुढें त्याचे दिवस येतात. परंतु पहिल्या मुक्कामालाच पुष्कळजण कंटाळून मांत्रिक होतात, असें पुतण्या सांगतो.

खेळ करणारांनीं येथें एक मोठें सत्य सांगितलें आहे. मंत्राला साखळी लागत नाहीं. यंत्राला लागते, आणि तिची एक कडी तुटली कीं सारी साखळी निरुपयोगी होते. सर्पदंशाच्या औषधाचेंच पहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांचें विष काढावयाचें, तें अत्यल्प प्रमाणांत घोड्यांना टोंचावयाचें, त्यांच्या रक्तांत जें प्रतिविष तयार होतें तें वेगळें करून शुद्ध करावयाचें, कुप्यांत भरावयाचें, जपून साठवावयाचें, गांवोगांव पोंचवावयाचें. आणि शेवटीं रात्रीं दोन वाजतां तें शिरेंतून देणारा माणूस जागा असावयाचा. इतकें सगळें जुळेल तेव्हां एक प्राण वांचेल. मांत्रिक मात्र दोन गल्ल्या ओलांडल्या कीं भेटतो. शिवाय त्याचें यशहि खोटें दिसत नाहीं. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं विष अंगांत उतरतेंच असें नाहीं. अशा दहा माणसांवर मंत्र टाकला तर बरीचशीं उठून घरीं जातात, आणि जन्मभर मांत्रिकाचे गुण गातात. जो उठत नाहीं त्याला गुण अथवा दोष, कांहींच गातां येत नाहीं.

माझ्या आत्याचा मुलगा उठला नाहीं. १९८० चा पावसाळा होता. तो अकरा वर्षांचा, मी दहा वर्षांचा. मळ्यांतल्या छपरांत तो भुईवर निजला होता. मध्यरात्रीं कांहीं तरी चावलें म्हणून उठला. दुखत नव्हतें, सूज नव्हती. मण्यारीचा दंश असाच असतो, हें पुढें मला पुस्तकांतून कळलें. घरच्यांनीं त्याला मांत्रिकाकडे नेलें. दुखत नाहीं, सूज नाहीं, तेव्हां उतारा पडला असेंच सर्वांना वाटलें. पहांटे त्याच्या पापण्या जड होऊन मिटूं लागल्या. झोंप आली म्हणून कोणीं त्याला हलविलेंहि नाहीं. बैलगाडी जुंपली तेव्हां श्वास लागला होता. दवाखान्यांतल्या डॉक्टरांनीं एवढेंच विचारलें कीं, इतका वेळ कोठें होतां? त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांत आजवर कोणीं मोठ्यानें दिलेलें नाहीं. ज्या कुंडलच्या शिवारांत सत्तर वर्षांपूर्वीं लोखंडी नांगर येऊन ठेपला होता, तेथेंच ही गोष्ट घडली.

तेव्हां मधलीं माणसें दोन्हीकडून मार खातात हें पुतण्याचें म्हणणें खरें मानावयाचें काय? माझें मन तेथें अडतें. खंडेनवमीला कारखान्यांत जाऊन पहावें. लेथला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू, पंपापुढें नारळ. येथल्या झरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर पाझरणारें पाणी पाहून हात जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशीं पंपाची गळती हुडकण्यांत वाकबगार असतो. त्याचा कांटा मध्यावर आहे. म्हणून त्याचा पंप बंद पडल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. कारण पूजा केलेल्या लेथला तो तेल घालावयाचें सोडीत नाहीं. माळ घातली म्हणून यंत्र चालेल, अशी त्याची अपेक्षाच नसते. ती कृतज्ञता आहे. कारणावांचून कार्य मागणें म्हणजे जादू. त्यानें तसें कांहींच मागितलेलें नाहीं.

खेळाचा नकाशा आणि आमचा गांव येथें वेगळे होतात. खेळांत मंत्र ही यंत्राइतकीच खरी शक्ति आहे, म्हणून तराजूचीं पारडीं समान आहेत. आमच्या जगांत एका पारड्यांत शक्ति आहे आणि दुसऱ्यांत धीर. धीर ही कमी किंमतीची वस्तु नव्हे. आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाला विचारावें. परंतु धीरानें शक्तीची वेळ खाल्ली, म्हणजे घात होतो. त्या रात्रीं अंगारा लावल्यानें मुलगा गेला नाहीं. अंगाऱ्यानें जे तास खाल्ले, त्यांनीं गेला.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हाच हिशेब लोकांपुढें मांडीत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचींत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. कायद्यानें देवाला नमस्कार करण्यास बंदी केलेली नाहीं. उपचाराची वाट अडवूं नका, इतकेंच तो सांगतो. मला त्यांतला विवेक फार मोलाचा वाटतो.

येथें यंत्राच्या बाजूच्या सुशिक्षितांनींहि फार ऐट करूं नये. ज्याचें अंतरंग आपणांस ठाऊक नाहीं आणि जें ठाऊक करून घेण्याची इच्छाहि नाहीं, तें यंत्र आपल्या हातांत मंत्रच होऊन बसतें. दूरध्वनीवर आलेला रामबाण उपाय न वाचतां चौघांना धाडणारा पदवीधर, अथवा लहरी शोषून घेणारें म्हणून विकलेलें पदक छातीवर बाळगणारा अधिकारी, यांचा कांटा कोणीकडे आहे म्हणावें? गळ्यांतला ताईत जाऊन तेथें चकचकीत धातूची चकती आली, एवढाच फरक.

उलट माझी आत्या पहा. तिचें वय आज ऐंशींच्या घरांत आहे. तिच्या देव्हाऱ्यांत कोणत्या देवाला जागा नाहीं हें सांगणें कठीण. अमावास्येला दारावर लिंबूमिरची चुकत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबांतली सातआठ वर्षांची मुलगी रात्रीं खोपटांत साप चावला म्हणून रडत उठली. माणसें जमलीं. कोणी म्हणालें अमक्या देवळांत न्या, कोणी म्हणालें तमक्याला उठवा. आत्या काठी टेकीत बाहेर आली आणि माझ्या पुतण्याला म्हणाली, "गाडी काढ. पोरीचा पाय हलवूं देऊं नका. देवाचं मी बघतें." मुलीला औषध वेळेवर मिळालें. चौथ्या दिवशीं ती पायांनीं चालत आली, आणि आत्यानें कबूल केल्याप्रमाणें नारळ फोडला. खेळांतला कांटा आत्याला लावला असता तर तो बरोबर मध्यावर थरथरत राहिला असता. पण आधीं काय आणि मागाहून काय, हें तिला आमच्यांतल्या कोणाहि पदवीधरापेक्षां नेमकें कळत होतें. तें कळण्यासाठीं तिनें काय मोजलें होतें, तें मला ठाऊक आहे.

पुतण्या आतां दिवाळीच्या सुटींत तोच खेळ मांत्रिक होऊन खेळणार आहे. खुशाल खेळो. त्या जगांत निवड चुकली तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतां येतो, आणि आपले गुण कोठें खर्चावे याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो. परिणामहि त्याचा तोच भोगतो. मध्यरात्रीं चावा घेऊन उठलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला हा अधिकार नसतो. त्याच्या वांट्याचे गुण भोंवतीं जमलेलीं मोठीं माणसें खर्च करीत असतात. त्यांनीं पुढें देवाला हात जोडावे कीं न जोडावे हा त्यांचा प्रश्न आहे. पण हात जोडण्यापूर्वीं त्यांनीं गाडी काढलेली असावी.