सोयरे शियानचे : चीनची दैनंदिनी (भाग तिसरा)

२ एप्रिल, बुधवार. शियान

आज व्याही आणि विहीणबाई आम्हाला त्यांची गिरणी दाखवायला घेऊन गेले. ती बंद होऊन वर्षं लोटली. पण ती पाहिल्याशिवाय पाहुण्यांशी आपली ओळख पुरी होत नाही, असं दोघांच्याही मनात असावं. काल संध्याकाळीच विहीणबाईंनी सूनबाईमार्फत निरोप दिला होता : पायात आरामशीर बूट घाला, खूप चालायचं आहे.

मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गाने पूर्वेला गेलं की फांगझीचंग नावाचं स्टेशन लागतं. चीनच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत, १९५३ नंतर, चान नदीच्या पूर्वेला इथे सरकारी कापडगिरण्यांची रांग उभी राहिली. गिरण्यांना नावं नव्हती, नंबर होते : तीन, चार, पाच, सहा. शांघायपासून हनान प्रांतापर्यंतची माणसं इथे कामाला आली आणि इथलीच झाली. विहीणबाईंचे वडीलही त्यांतलेच. गिरणीच्या आवारातच शाळा, दवाखाना, न्हाणीघरं, सिनेमाचं सभागृह. ह्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली चाळ, फक्त विटा निराळ्या."

ह्यांचं सारं आयुष्य सोलापूरच्या गिरणीत गेलं, विव्हिंग खात्यात जॉबर म्हणून. विहीणबाई साच्यावर होत्या आणि व्याही त्याच गिरणीत फिटर. मुलाने लग्न ठरवलं तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं की मुलगी शियानची आहे आणि आईवडील निवृत्त कामगार आहेत. २०२० साली सगळं जग दाराआड बसलेलं असताना त्या दोघांनी नोंदणी केली. आम्ही ती फोनच्या पडद्यावर पाहिली. पुढे नात झाली, तीही पडद्यावरच पाहिली. चीनने सीमा उघडल्या त्या जानेवारी २०२३ मध्ये. मग कधी आमची आजारपणं, कधी त्यांची. त्यामुळे व्याह्यांची ही पहिलीच समोरासमोर भेट, तीही नात शाळेत जाऊ लागल्यावर.

गिरणीच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. थोड्या अंतरावर कापडाच्या रंगाई-छपाईचा जुना कारखाना मात्र शाबूत आहे, त्यात चित्रकारांनी आपली दालनं थाटली आहेत. करवतीच्या दात्यांसारखं, उत्तरेकडून उजेड घेणारं छप्पर दिसताच हे थबकले. त्या छपराखाली काय काय असायचं ते ह्यांना कुणी सांगायला नको होतं. विहीणबाई पुढे झाल्या. बोटांच्या चिमटीत नसलेला धागा धरून त्यांनी तुटलेल्या ताण्याची गाठ मारून दाखवली. अंगठा, तर्जनी, एक वळसा, ओढ. ह्यांनी तीच गाठ तितक्याच झपाट्याने मारली. दोघं हसले, आणि मग अर्धा तास सूनबाईला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून विव्हिंग खात्यातली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायला शिकतात. कांडी संपली, धोटा अडकला, मुकादम येतोय, पाणी पिऊन येतो : प्रत्येकाची खूण ठरलेली. ह्यांच्या कितीतरी खुणा विहीणबाईंना कळल्या, त्यांच्या ह्यांना. आमच्याकडे एका साचेवाल्याकडे दोन, फार तर चार साचे. विहीणबाईंनी बोटांवर चोवीस दाखवले तेव्हा ह्यांचा विश्वास बसेना. मग व्याह्यांनी जमिनीवर बोटाने आकृती काढून समजावलं : तिथले साचे ऑटोमॅटिक, कांडी आपोआप बदलायची. बाईने फक्त रांगेतून चालत राहायचं आणि तुटलेला धागा पकडायचा. फक्त चालत राहायचं! आठ तासांची पाळी, रात्रपाळीसुद्धा, आणि सूनबाई तेव्हा पाळणाघरात. निघताना विहीणबाई गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या उतरत होत्या. त्या गुडघ्यांचा हिशेब मला आज समजला.

३ एप्रिल, गुरुवार. शियान

सकाळी जवळच्या बानपोला गेलो. १९५३ साली सापडलेली सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची वस्ती, वर छप्पर घालून तशीच जपलेली. घरांचे गोल पाये, गावाभोवतीचा खंदक. मला मडक्यांवरचे मासे आवडले. बाकीचे तिघं मात्र एका लहानशा कपाटापुढून हलेनात. आत मातीच्या भोकाच्या चकत्या होत्या, टकळीला वजन यावं म्हणून लावायच्या. गिरण्यांच्या शेजारीच सूत कातणारं इतकं जुनं गाव निघावं, हे व्याह्यांनी अभिमानाने सांगितलं, जणू त्यांच्याच घराण्याची गोष्ट.

दुपारचं मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे.

मी शाकाहारी. आम्ही येणार कळल्यावर विहीणबाईंनी माझ्यासाठी नवी कढई आणि नवा झारा आणून ठेवला होता. घरात कुणी त्यांना तसं सुचवलं नव्हतं. आज त्यांनी ल्यांगफी करायला घेतली. कणीक मळली, थोडी मुरू दिली, मग पाण्याच्या परातीत धरून धुवायला लागल्या. पाणी दुधासारखं पांढरं झालं, हातात चिवट गोळा तेवढा उरला. ते पाणी गाळून झाकून ठेवलं आणि मला खुणेने सांगितलं : आता थांबायचं. काही तासांनी वरची निवळ ओतून दिली. तळाशी दाट पांढरा थर होता.

चीक! आत्ता, चैत्रातच, सोलापुरात गच्चीगच्चीवर हाच चीक कुरडयांसाठी निघत असेल. आम्ही गहू तीन दिवस भिजवून वाटतो, ह्या कणीक धुतात. पण भांड्याच्या तळाशी बसतो तो गव्हाचा तोच सत्त्वांश. मी बोटाने थोडा उचलून चाखला, तर विहीणबाईंनीही लगेच चाखला. पत्र्याच्या पसरट ताटल्यांत पातळ थर ओतून त्यांनी तो वाफवला, तेल लावून चळत रचली, रुंद पट्ट्या कापल्या. वर लसणाचं पाणी, काळसर व्हिनेगर, काकडीच्या सळ्या, त्या चिवट गोळ्याचे वाफवलेले तुकडे आणि लालभडक मिरचीचं तेल. ते तेल सोलापूरकराला परकं वाटणार नाही. मी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनीच वाढलं, हात आडवा धरूनही.

रात्री मी त्यांची ओटी भरली. नारळ मुंबईहून आणणं जमलं नाही, हाँगकाँगच्या विमानतळावर सामानाची फार चौकशी होते असं ऐकलं होतं. इथल्या बाजारात मिळाला. इरकल साडी दिली आणि सोलापुरी चादर. साडी त्यांनी गालाला लावली. चादर मात्र उलटी केली. आधी मागची बाजू पाहिली, मग किनार बोटांत चोळली, दिव्यापुढे धरून विणीतले धागे न्याहाळले. मग ह्यांच्याकडे पाहून अंगठा वर केला. चादर विणणाऱ्याला ह्याहून मोठी शाबासकी असू शकत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. वेई नदीच्या उत्तरेचं गाव

आज चिंगमिंग, पितरांचा दिवस. २००८ पासून सगळ्या देशाला ह्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे पहाटेच निघूनही रस्ता गाड्यांनी भरला होता. वेई नदी ओलांडल्यावर सपाट शेतांतून मधूनच मातीच्या प्रचंड टेकड्या दिसू लागल्या. हान घराण्याच्या सम्राटांच्या त्या समाध्या. दोन हजार वर्षं झाली तरी त्यांच्या कडा अजून ओळखू येतात. भोवती हिरवागार गहू, मोहरीसारखी पिवळी फुलं आणि बांधावर जांभळ्या फुलांनी लगडलेली पाउलोनियाची झाडं.

व्याह्यांच्या आईवडिलांच्या कबरी शेतातच आहेत, गव्हाच्या मधोमध. मातीचे दोन उंचवटे, पुढे एक दगड. तिथे पोचल्यावर सगळे आधी कामालाच लागले. व्याही आणि त्यांचे धाकटे भाऊ गवत उपटत होते, पुतणे फावड्याने ताजी माती चढवत होते. काहीही न विचारता ह्यांनी एक फावडं उचललं. भावाने अडवलं, पाहुण्याने कसं करायचं म्हणून. व्याह्यांनी मान हलवली : करू दे. मग मीही नातीबरोबर दगड पुसायला बसले.

नंतर फळं, केक, वाफवलेले पाव मांडले. मद्य जमिनीवर ओतलं. आजोबांना ओढायची सवय होती म्हणून एक सिगारेट पेटवून मातीत खोचली. मी पिशवीतून शेंगाच्या पोळ्या काढल्या. पाडवा करून निघताना केलेल्या, टिकतात म्हणून बरोबर घेतलेल्या. ठेवू का, असं सूनबाईला विचारलं. तिने वडिलांना विचारलं. ते काही बोलले नाहीत, आईच्या बाजूच्या मांडणीतले पाव सरकवून त्यांनी मधोमध जागा केली. कागदी नोटा जाळल्या गेल्या आणि सगळे वयाच्या क्रमाने गुडघे टेकू लागले. आम्ही उभं राहिलं तरी चालेल, असं सांगण्यात आलं. आम्ही गुडघे टेकले. माझ्या नातीचे ते पणजोबा-पणजी. आमच्या घरच्या श्राद्धाला ती अजून बसलेली नाही, पण पितरांपुढे वाकायचं असतं हे तिला इथे आधी कळलं, ह्याचं मला समाधान वाटतं.

गावच्या घरी जेवायला चार पिढ्या. कुंड्यांजवळच्या झाडाचा कोवळा तांबूस पाला, श्यांगछुन, अंड्यात परतला होता. माझ्यासाठी तो मिठाने चोळून तोफूत कालवला होता. जेवण झाल्यावर भावाच्या बायकोने लाकडी पेटी उघडली. आत तिच्या सासूबाईंनी हातमागावर विणलेलं जाड सुती कापड होतं, निळ्या-तांबड्या चौकड्यांचं. ह्या भागात मुलीच्या लग्नात असं कापड देण्याची रीत होती. माझ्या ओच्यात त्यातला एक तागा टाकून ती म्हणाली, विणणाऱ्यांच्या घरी गेलं तर बरं. परतताना गाडीत ह्यांनी तो मांडीवर घेतला होता.

५ एप्रिल, शनिवार. शियान

मातीचे सैनिक पाहिले. १९७४ साली विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. सुट्टीची गर्दी एवढी, की आम्ही सैनिकांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त पाहिल्या.

संध्याकाळी मोठ्या जंगली हंसाचा पॅगोडा. ६५२ साली ह्युएन त्संगने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी बांधवलेला. समोर त्याचा उंच पुतळा आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला होता. तिथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ते उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. व्याह्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, शान्शीच्या माणसाचंही तसंच आहे. हवेत गारवा होता. चौकात बायका ओळीने नाचत होत्या, विहीणबाई मला हाताला धरून रांगेत घेऊन गेल्या आणि आम्ही दोघी नाचलो.

६ एप्रिल, रविवार. शियान ते शिच्याच्वांग

आज रामनवमी. सकाळी सुंठवडा केला, दुपारच्या गाडीत बसलो. निरोपाचं काही लिहीत नाही. ते दिवाळीनंतर सोलापूरला येणार आहेत. विहीणबाईंनी एकच मागणं केलंय : चालू साचा पाहायचाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ह्यांच्या ओळखीचे यंत्रमागवाले पुष्कळ आहेत.

गाडी ताशी तीनशे किलोमीटरने धावते आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. चहाची पुडी सोबत असली की प्रवास सुखाचा. झंगझौ सोडल्यावर पीत नदी आली. रुंद, मातकट, वाळूच्या बेटांत विखुरलेली. चार तासांत शिच्याच्वांग. सूनबाईची कॉलेजातली मैत्रीण नवऱ्याला घेऊन फलाटाबाहेर उभी होती. ती नर्स आहे. आम्हाला ती आजपर्यंत कधी भेटलेली नव्हती, पण झोपायची खोली आम्हाला देऊन ती दोघं बाहेरच्या सोफ्यावर झोपली आहेत.

७ एप्रिल, सोमवार. शिच्याच्वांग

सोलापूरकराने चीनला यावं आणि इथे येऊ नये, हे होणं नाही. सकाळी शहीद स्मारकाच्या बागेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर गेलो. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये आला. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. जपानविरुद्धच्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान ह्यांच्याशी लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले. वय बत्तीस. कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा ह्यांनी कितीदा पाहिलाय. पण इथे समाधीपुढे उभं राहिल्यावर सिनेमा आठवत नाही. बत्तिसाव्या वर्षी आपला मुलगा कसा होता, ते आठवतं.

चिंगमिंग नुकताच झालेला. दगडापुढे पांढऱ्या शेवंतीचे ढीग होते, शाळांच्या नावांच्या पट्ट्या लावलेले. आमच्या सोबतच्या नर्सबाईने कोटणीसांचं चिनी नाव, के दीहुआ, असं उच्चारलं जसं आपण गल्लीतल्या डॉक्टरांचं घेतो. त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय ह्याच शहरात आहे. छिंगलान नंतर कितीतरी वेळा भारतात आल्या, कोटणीसांच्या माणसांत राहिल्या, नातं टिकवलं. २०१२ मध्ये त्या गेल्या. सून कशी असते हे पाहायचं तर त्यांच्याकडे पाहावं, असं मला वाटतं. आमची सूनबाई पुढच्या खेपेला इथे बरोबर असायला हवी.

उद्या सकाळी बीजिंगला निघायचं होतं. पण जेवताना ह्यांनी विचारलं, कोटणीस गेले ते गाव इथून किती लांब. तांग परगण्यातलं गगोंग, डोंगराळ भाग. नर्सबाईच्या नवऱ्याने नकाशा काढला, ड्यूटी बदलून घेण्यासाठी फोन केला आणि म्हणाला, सहाला निघू, रात्रीपर्यंत परत. बीजिंगची तिकिटं तिने तिथल्या तिथे फोनवर बदलली, आणि आता स्वयंपाकघरात ती उद्याच्या वाटेसाठी माझे बिनअंड्याचे पराठे लाटते आहे. मी जाते, पीठ मळायला तरी हात लावते.

(क्रमशः)