उशिरा येणारा आवाज

व्याख्यान देण्याची सवय ही पान खाण्याच्या सवयीसारखी आहे. ती केव्हा जडली हे आपल्याला कळत नाही, आणि तोंड रंगलेले दिसते ते इतरांना. मला ही सवय मंडळीच्या चिटणीसपदामुळे लागली. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलीत एका चर्चमध्ये उपासनेला जमणारा समाज. घरच्या मंडळींपुढे माझे फारसे चालत नाही. त्याची भरपाई मी पुण्याच्या ह्या मंडळीत सव्वीस वर्षे करून घेत आलो होतो.

तेव्हा आमच्या तरुण संघाने शुक्रवार ते रविवार असे शिबिर भरवायचे ठरवले आणि विषय ठेवला ‘पुढारीपण’, तेव्हा वक्ता कोण हा प्रश्न कुणाला पडला नाही. निदान मला तरी पडला नाही. जागा ठरली खोडद. नारायणगावापासून थोडे पूर्वेला, नारायणगडाच्या आसमंतातले हे गाव. तिथे एका ओळखीच्या शेतकरी गृहस्थांचा मळा होता. फेब्रुवारी महिना, द्राक्षांचे दिवस. अठरा मुले-मुली, आमचे पाळकसाहेब, आणि पिशवीत व्याख्यानाचे चौदा कागद घेतलेला मी.

खोडदला जाऊन तिथली दुर्बीण पाहिली नाही तर पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे होईल. परवानगी आधीच काढलेली होती. शुक्रवारी दुपारी आम्ही दारावर मोबाईल बंद करून ठेवून दिले. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला एक फोनही तिथे ढोल वाजवल्यासारखा होतो. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्याचे एक कारण इथली ही शांतता. नव्वदच्या दशकात इथे तीस प्रचंड थाळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. चौदा थाळ्या मध्यभागी जवळजवळ आहेत. उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरदूर पांगल्या आहेत. टोकाच्या दोन थाळ्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

“यातली मुख्य कुठली?” मी विचारले. चिटणिसाला दुसरे काय सुचणार!

माहिती सांगणारा तरुण हसला. म्हणाला, “मुख्य कुठलीच नाही. तीस मिळून एक.” मग त्याने सांगितले ते असे. आकाशातून येणारी लाट सगळ्या थाळ्यांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. कुठे आधी, कुठे मागाहून. सगळ्यांचे ऐकणे काचतंतूंतून मधल्या इमारतीत येते. तिथे जे आधी आले असेल त्याला थोपवून धरतात. सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश, पण थोपवतात. सर्वांत मागचे येऊन पोहोचले की मग सगळे जुळवतात. न थांबता जुळवले तर चित्र उमटतच नाही.

मुलांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि हा दृष्टान्त माझ्या चौदा कागदांत कुठे बसवता येईल ह्याचा विचार करू लागलो.

शनिवारी सकाळी मी व्याख्यान दिले. ते रंगले, असे मला वाटले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर मी विशेष भर दिला. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, ह्या माणसाने मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा ठेवली. “याला म्हणतात पुढारी!” असे म्हणून मी पाण्याचा पेला उचलला.

एक मुलगी उभी राहिली. परिचारिकेचे काम करते, बोलायला फटकळ. म्हणाली, “काका, टिळकांनी पंचावन्नाव्या वर्षी सोडली. तुम्हाला आता कितवं?”

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, आणि मग त्यांना एकाएकी खोकला आला. मीही हसलो. पण दुपारी मासवडी आणि बाजरीची भाकरी पानात असताना माझे जेवणाकडे लक्ष नव्हते, हे मळ्यातल्या मावशींच्या ध्यानात आले. “तिखट झालं का?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “थोडंसं.”

त्या भागात उसाच्या आडोशाने बिबट्या वावरतो, म्हणून दिवेलागणीनंतर बाहेर पडायचे नाही, असे यजमानांनी बजावले होते. सगळे पडवीतच बसलो. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रातली एली आणि शमुवेल यांची गोष्ट सांगितली. म्हातारा याजक एली, आणि त्याच्या हाताखाली वाढणारा पोर शमुवेल. रात्री पोराला कुणीतरी हाक मारते. एलीनेच बोलावले असे समजून ते तीन वेळा धावत येते. शेवटी एलीला उमजते की हाक देवाची आहे, आणि कसे ऐकायचे ते तो पोराला शिकवतो. पण पोराला ऐकू येते काय? एलीच्याच घराण्याविरुद्धचा निवाडा! आणि सकाळी एली म्हणतो, जे ऐकलेस ते माझ्यापासून लपवू नकोस.

मग पाळकसाहेबांनी विचारले, “आपल्या मंडळीविषयी मनात काय आहे, ते प्रत्येकाने सांगावं.” एकेक जण बोलू लागला. गाण्यांच्या चाली, उपासनेची वेळ, पंचांत मुली का नाहीत, असे बरेच निघाले. सगळे झाल्यावर माझ्या तोंडून सवयीने निघाले, “बरं, तर मग सर्वांचं झालं...”

“थांबा, काका,” ती मुलगी म्हणाली. “एक थाळी यायची आहे.”

कोपऱ्यात एक मुलगा बसला होता. नगरकडचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. दर रविवारी मागच्या बाकावर बसतो, आणि आशीर्वचन झाले की निघून जातो. आम्ही थांबलो. किती वेळ, कोण जाणे. बाहेर रातकिडे आणि दूरवर कुठेतरी पाण्याचा पंप. दोनदा माझी जीभ वळवळली. दोन्ही वेळा त्या मुलीने माझ्याकडे पाहिले.

मग तो हळूच म्हणाला, “गेल्या पावसाळ्यात आई वारली. मंडळीचं शोकपत्र आलं. त्यात आईचं नाव चुकलं होतं.”

एवढेच. पुढे तो बोलला नाही.

त्या पत्रावर सही माझी होती. टंकलिहिलेला एकच मजकूर आम्ही सगळ्यांना पाठवत असू. फक्त नाव बदलायचे. ह्या वेळी ते बदलायचे राहिले होते. खुलासे माझ्या ओठांवर रांग लावून उभे राहिले. त्या महिन्यात चार मृत्यू झाले होते, माझे डोळे आले होते, कागद घाईत पुढे आला होता. सव्वीस वर्षांत मी खुलासे करण्यातही तरबेज झालो आहे. पण नुकतीच ऐकलेली एलीची गोष्ट आड आली. मी म्हणालो, “चूक माझी. आईचं नाव काय होतं?”

त्याने सांगितले. मी चौदा कागदांपैकी वरचा उलटा केला आणि त्यावर ते लिहिले. मग त्याने न विचारताच आईविषयी सांगितले. ती दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाई. भजने तिला पाठ होती, पण वाचता येत नव्हते. ते पत्र मामांनी साऱ्या घरासमोर मोठ्याने वाचले, आणि नावापाशी अडखळले. सगळे ऐकून होईपर्यंत मध्यरात्र झाली. कुणी उठले नाही, आणि ते केवळ बिबट्याच्या भीतीने नव्हे.

वार्षिक सभेत मी चिटणीसपद सोडले. फार मोठा त्याग केला असे समजू नका; पहिले दोन महिने मी नव्या चिटणिसाच्या मागे उभा राहून सूचना करीत होतो. नवी चिटणीस म्हणजे तीच फटकळ मुलगी. तिसऱ्या महिन्यात तिने मला खुर्ची दिली आणि दूरच्या कोपऱ्यात ठेवली.

एक काम मात्र मी मागून घेतले आहे. मंडळीत कुणी गेले की शोकपत्र मी लिहितो, हाताने. आधी त्या घरी जाऊन बसतो, गेलेल्या माणसाचे नाव घरच्यांकडूनच विचारून घेतो, मग ऐकतो. पत्र निघायला कधी आठ दिवस लागतात, कधी पंधरा. उशीर होतो खरा. पण अद्याप कुणी तक्रार केलेली नाही.